दुरुस्तीच्या चिठ्ठीवरच्या चार ओळी

डॉरिस. हे नाव मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण या लेखात दुसऱ्या कोणाचंही नाव येणार नाही. नोकरीतली गुप्ततेची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. डॉरिसला मात्र मी विचारलं होतं. ती म्हणाली, "माझं नाव खुशाल घाला. कंपनीचं घालू नका."

माझ्यावर उपकार केलेल्यांची यादी मोठी आहे. मंगळवेढ्याला माझे वडील कपडे शिवत. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. इंग्रजीच्या सरांनी शाळा सुटल्यावर मला वर्गात बसवून घेतलं नसतं, तर मी आज कुठे असतो ते माहीत नाही. पुढे नर्स असलेल्या पत्नीच्या पाठोपाठ अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आलो, नागरिक झालो आणि सदतिसाव्या वर्षी पोलीस अकादमीत दाखल झालो. वर्गातली बाकीची मुलं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होती. डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झालो. या वाटेवर ज्यांनी हात दिला त्या सगळ्यांना मी मनोमन नमस्कार करतो. तरीही सर्वांत मोठं ऋण कोणाचं, असं विचारलं तर मी डॉरिसचं नाव घेतो. तिला मी आजवर पाहिलेलं नाही. एका पिस्तुलाच्या कारखान्यात, वॉरंटीवर परत आलेली पिस्तुलं ती दुरुस्त करते. माझ्या सहीने एका निरपराध बाईचं आयुष्य उद्ध्वस्त होणार होतं. तिने ते थांबवलं.

त्या दिवसाचा तपशील आजही माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा उभा राहतो. ऑक्टोबर महिना होता. चँडलर गावाच्या शेजारच्या ज्या शहरात मी काम करत होतो, तिथे ऑक्टोबरातही दुपारी गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं. साडेचारच्या सुमारास आमच्या नियंत्रण कक्षात फोन आला. एक बाई रडत, तुटक इंग्रजीत सांगत होती की नवऱ्याला गोळी लागली आहे. गस्तीवरचे दोघे काही मिनिटांत पोहोचले. स्वयंपाकघराच्या फरशीवर पासष्टीचे गृहस्थ पडलेले, उजव्या मांडीतून रक्त वाहत होतं. बाईने दोन्ही हातांनी टॉवेल जखमेवर गच्च दाबून धरला होता. डॉक्टर नंतर म्हणाले की त्या टॉवेलमुळेच ते वाचले. पिस्तूल ओट्यावर होतं. गणवेशावरच्या कॅमेऱ्यात बाईचे शब्द टिपले गेले होते.

"आय डिड. माय हँड. आय डिड."

जखमी गृहस्थ आणि त्यांची पत्नी दोघंही मराठी, म्हणून त्यांना मी काका-काकूच म्हणतो. काका चँडलरच्या एका कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तीस वर्षं इंजिनिअर होते. ज्या खोलीत हवेतला धुळीचा कणही चालत नाही, तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून त्यांनी नोकरी केली. काकू घर सांभाळून रविवारी मुलांना मराठी शिकवत. काका अमेरिकन नागरिक झाले होते. काकूंना भारतीय पासपोर्ट सोडवत नव्हता, म्हणून त्या इतकी वर्षं ग्रीन कार्डावरच राहिल्या होत्या. घरच्याच माणसावर शस्त्राने हल्ला केल्याचा गुन्हा सिद्ध झाला असता तर आधी तुरुंग आणि मग भारतात पाठवणी. भारतात त्यांचं कोणीही उरलं नव्हतं.

काकूंना त्याच संध्याकाळी अटक झाली. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी त्यांना सोडलं, पण अटी घालून. नवऱ्याला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, मुलीमार्फत निरोपही पाठवायचा नाही, त्या घरात पाऊल टाकायचं नाही. काका हॉस्पिटलात आणि काकू वीस मैलांवर मुलीच्या घरी. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती.

आमचा सार्जंट कमी बोलणारा माणूस. त्याने फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

"ओळखतोस यांना?"

"नाही. गणपतीच्या कार्यक्रमात कधी दिसले असतील."

"नातं नाही?"

"सार्जंट, प्रत्येक मराठी माणूस माझा चुलता नसतो."

"बरं. मग तुझी केस."

तिसऱ्या दिवशी खबर आली, तीही घरातूनच. काकूंची मुलगी तीस-बत्तीसची, इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. तिने मला मोबाइलवर फोन केला.

"अंकल, मला आईला ट्रबलमध्ये टाकायचं नाहीये. पण यू आस्क्ड मी की काही माहीत असेल तर सांग."

"सांग."

"आईला ती गन घरात नकोच होती. ती म्हणाली होती, एक तर ही राहील नाहीतर मी. दे फॉट अबाउट इट, लाइक, एव्हरी वीक. शेजारच्यांचं घर दिवसाढवळ्या फोडलं म्हणून बाबांनी ती घेतली. बाबांना एक महिना इंडियाला जायचं होतं, सो ते तिला फोर्स करत होते, शीक म्हणून."

"त्या दिवशी भांडण झालं होतं?"

"आय डोन्ट नो. मी नव्हते तिथे." मग तिने हळूच विचारलं, "अंकल, आई असं करणार नाही. राइट?"

मुलगी आपल्याच आईबद्दल पोलिसाला विचारत होती. मी वहीत लिहिलं: हेतू.

काकूंचा जबाब मी ठाण्यातल्या छोट्या खोलीत घेतला. कॅमेरा चालू होता, काचेपलीकडे सार्जंट बसला होता. नियमाप्रमाणे मी त्यांना हक्क वाचून दाखवले, तेही मराठीत. तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे, वकील बोलावण्याचा अधिकार आहे.

"गप्प कशाला राहू? मी काय केलंय ते सांगायलाच आले आहे," त्या म्हणाल्या. मग माझ्या छातीवरची पाटी वाचून म्हणाल्या, "कुठले तुम्ही?"

"मंगळवेढ्याचा."

"अगं बाई! म्हणजे ज्वारीच्या गावचा. इथे मिळते का रे तुला भाकरी?" आडनाव आणि गाव कळल्याबरोबर मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो. "चेहरा उतरलाय तुझा. जेवलास का?"

काचेवर टकटक झाली. मी बाहेर गेलो.

"काय म्हणते ती?" सार्जंटने विचारलं.

"मी जेवलो का, विचारते."

"काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

"मग जेव," तो म्हणाला. "पण आधी तिला ट्रिगरचं विचार."

सरावासाठी आमच्याकडे निळ्या प्लास्टिकचं पिस्तूल असतं. ते मी काकूंच्या हातात दिलं आणि त्या दिवशी केलं तसंच करून दाखवायला सांगितलं. त्यांनी गोळ्यांचं मॅगझिन आत सारलं, वरचा सरकता भाग म्हणजे स्लाइड मागे ओढल्यासारखी केली आणि सोडली. तर्जनी सरळ, नळीच्या दिशेने ताठ होती.

"ट्रिगरवर बोट होतं?"

"नव्हतं. यांनी शंभरदा सांगितलंय, बोट बाहेर, बोट बाहेर. मी स्लाइड सोडली आणि ढाण्णदिशी वाजलं. हे पडले."

"पण काकू, तुम्ही पोलिसांना म्हणालात, मी केलं."

"मग कोणी केलं? माझ्याच हातात होतं ना ते?"

"पिस्तुलात कोणी काही फेरफार केला होता? तेल घातलं, उघडलं, काही बसवलं?"

"छे! मला काय कळतंय त्यातलं? फेरफार कसला?"

मी हा प्रश्न दोनदा विचारला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हटलं, आणि त्या खरं बोलत होत्या. एवढ्या वर्षांत मी एक पाहिलं होतं. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट प्रत्येक वेळी अधिक घोटीव होत जाते. काकूंची तशी होत नव्हती. त्या मध्येच थांबत होत्या, फरशी पुसली का कोणी, असं विचारत होत्या. तरीही माझ्या मनाने कौल दिला नाही, कारण चार दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिथल्या तज्ज्ञाने पिस्तुलातून सहा गोळ्या झाडून पाहिल्या. ते पाडून पाहिलं, रबरी हातोडीने ठोकून पाहिलं. निष्कर्ष एका ओळीचा होता: ट्रिगर दाबल्याशिवाय हे पिस्तूल सुटत नाही.

हॉस्पिटलात काकांना भेटलो.

"त्यांचं बोट कुठे होतं, तुम्ही पाहिलंत?"

काका ओशाळले. "मी तिच्याकडे बघत नव्हतो हो. मी मॅन्युअल वाचत होतो. तिला पुढची स्टेप वाचून दाखवत होतो."

"त्यांनी मुद्दाम केलं असेल, असं वाटतं?"

"डोकं फिरलंय का तुमचं? मला तिच्याशी बोलू द्या. पाच मिनिटं. फोनवर."

"देता येत नाही, काका."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी निघताना ते म्हणाले, "आणि ते पिस्तूल नुकतंच दुरुस्त होऊन आलं होतं. कोरं करकरीत घेतलं, तर सरावाच्या रेंजवर नुसतं टक् वाजायचं, गोळीच उडायची नाही. कंपनीला वॉरंटीत पाठवलं. त्यांनी फ्रीमध्ये करून दिलं. कागद घरी फाइलला लावलाय."

"कागदावर काय लिहिलं होतं?"

"विनाशुल्क. तेवढं वाचलं."

मी अहवालाचा मसुदा लिहिला. हेतू होता, संधी होती, कॅमेऱ्यावर कबुली होती, प्रयोगशाळेचा निर्वाळा होता. आरोप ठेवण्याची शिफारस करून मी कागद सार्जंटकडे नेला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला आणि तळाच्या एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. शस्त्राची पूर्वीची दुरुस्ती, असा तो रकाना होता.

"हा कोण भरणार?"

"ते किरकोळ आहे, सार्जंट. नवं पिस्तूल होतं, वॉरंटीत साफ करून आलं."

"मग किरकोळ ते लिही."

कंपनीच्या फोनवर हे बटण दाबा, ते बटण दाबा, मग गाणं, मग पुन्हा गाणं. अखेर एका मुलाने शस्त्राचा क्रमांक विचारला आणि म्हणाला, हे काम डॉरिसच्या टेबलावर झालंय, तिलाच देतो.

एक वयस्कर, संथ आवाज आला. मी माझी ओळख सांगितली आणि क्रमांक पुन्हा वाचला.

"आठवतंय मला ते," ती म्हणाली. "तांदूळवालं."

"काय म्हणालात?"

"थांबा, चिठ्ठी काढते. एक, ग्राहकाची तक्रार: पिन आपटते पण गोळी उडत नाही. दोन, फायरिंग पिन आणि स्प्रिंग बदलली. तीन, तपासणीसाठी दहा गोळ्या झाडल्या, सर्व ठीक. चार, पिनच्या वाटेतून काढलेले पदार्थ: लाल पूड, तुपट चरबी, कच्च्या तांदळाची एक कणी. ग्राहकास विनंती, स्लाइड उघडी असताना आत काहीही लावू नये."

माझ्या हातातलं पेन कागदावरच थांबलं.

"हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतोय. तुम्ही हे सगळं वेगवेगळं का लिहिलंत?"

"म्हणजे काय? बाकीचे 'घाण' लिहितात. मी लिहीत नाही. घाण हे कशाचंच नाव नाही. जे निघालं ते लिहायचं. पिशवीत घालून ठेवलंय. हवं असेल तर पाठवते."

लाल पूड, तूप आणि तांदळाची कणी. कुंकू, निरांजनाचं तूप आणि अक्षता. जे मी जन्मापासून पाहत आलो, ते हजारो मैलांवरच्या एका बाईने भिंग लावून शोधलं होतं आणि मला वाचून दाखवलं होतं. माझी पत्नी दर दसऱ्याला माझ्या गाडीच्या किल्लीला कुंकू लावते. तरीही दोनदा 'फेरफार केला का' विचारताना मला ते सुचलं नव्हतं. मी डॉरिसला म्हटलं, "मॅडम, हे दुरुस्त होऊन गेल्यावर त्यात पुन्हा तेच गेलं असेल तर?"

तिने उलट विचारलं, "गोळी कधी उडाली? स्लाइड सोडताना?"

"हो. बाई म्हणते, ट्रिगरला हात लावला नाही."

"मग ती खरं सांगत असेल. बघा, ती पिन म्हणजे गोळीच्या बुडाला टोचणारी बारीक सळई. वाटेत चिकट काही साचलं तर दोन गोष्टी होतात. ती आळशी झाली तर जोरात टोचत नाही, नुसतं टक् होतं. आणि पुढे येऊन अडकून बसली, तर तिचं टोक बाहेरच राहतं. मग स्लाइड सोडली की ते टोक आपोआप टोचतं. कोणी काही दाबावं लागत नाही."

"आमच्या प्रयोगशाळेत ते नीट चाललं."

"त्यांनी किती गोळ्या झाडल्या?"

"सहा. आणि हातोडीने ठोकलं."

"झालं तर. दणक्याने पिन सुटली. आता ते पिस्तूल शहाण्यासारखं वागणार. पण वाट काही पूर्ण साफ झाली नसेल. त्यांना सांगा, सगळं उघडा, आत बघा, आणि देवासाठी पुसू नका."

मी फोन ठेवला. मसुदा टेबलावर होता. माझी सही अजून व्हायची होती.

सार्जंट आणि मी काकूंच्या मुलीच्या घरी गेलो. या वेळी प्रश्न बदलला.

"काकू, पिस्तूल कंपनीकडून परत आलं, त्या दिवसापासून ते वाजलं त्या दिवसापर्यंत, त्याच्याबरोबर काय काय केलंत? सगळं सांगा. क्षुल्लक असलं तरी."

"काय करणार? आलं. यांनी उघडून बघितलं, खूश झाले. दोन दिवसांनी दसरा. शस्त्राची पूजा नको का करायला? पाटावर ठेवलं, विळी, कात्री, शिलाई मशीन, त्यातच तेही."

"आई!" मुलगी ताडकन उठली. "यू पुट कुंकू ऑन अ गन?"

"मग काय सॉस लावू?"

"कुठे लावलंत, काकू?"

"आत. ते वरचं झाकण उघडं ठेवून देतात ना हे, तिथे. बारीक भोक दिसलं एक, तिथे कुंकवाचं बोट टेकवलं, निरांजनाच्या तुपाचा हात होता तोच. अक्षता वाहिल्या."

"आत का?"

"कारण हे बाहेरचं पुसून टाकतात!" इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज चढला. "एकेचाळीस वर्षं. गाडीला लावलं, पुसलं. कॉम्प्युटरला लावलं, पुसलं. म्हणे धूळ जाते. मग मी लावायचं तिथे लावते, जिथे यांची नजर जात नाही. गाडीचं त्या पुढच्या कप्प्यात लावते. पिस्तूल नवं आणलं तेव्हाही लावलं होतं आत."

"आई, दॅट इज इन्सेन. हू डज दॅट टु अ..."

"तुझ्या लॅपटॉपला चालतं, तेव्हा नाही बोललीस ती?"

"माझ्या लॅपटॉपला काही नाहीये."

काकूंनी नुसती मान हलवली. मुलीने टेबलावरचा लॅपटॉप बंद करून उलटा केला. तळाशी, बारीक अक्षरांच्या चिकटपट्टीशेजारी, वाळून तपकिरी झालेला एक ठिपका होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग खाली बसली आणि आईच्या मांडीवर तिने डोकं ठेवलं. सार्जंटला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्याने टोपी काढून हातात घेतली.

काकूंची आणि काकांची लेखी संमती घेऊन आम्ही त्यांच्या रिकाम्या घरात गेलो. देवघरापाशी मी बूट काढले. सार्जंटनेही काढले, त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. कुंकवाचा करंडा, तुपाची वाटी, अक्षतांची डबी, तिन्ही वस्तू मुद्देमालाच्या पिशव्यांत घालून मोहरबंद केल्या. मुलीने निघताना आईचा निरोप सांगितला होता, "देवाचं आहे, नीट धर म्हणावं."

प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाने पिस्तूल शेवटच्या सुट्या भागापर्यंत उघडलं. पिनच्या वाटेच्या कडेला लाल थर आणि तांदळाचं पीठ साचलेलं होतं. पण तो पुराव्याचा माणूस, 'असू शकतं' हे त्याला चालत नव्हतं. त्याच बनावटीचं दुसरं पिस्तूल त्याने घेतलं. काकूंच्या करंड्यातलं कुंकू, त्यांचंच तूप आणि कणी त्याच जागी लावली. काका पिस्तूल गॅरेजमध्ये ठेवत, म्हणून ते एक दिवस उन्हाच्या तापमानात ठेवलं, मग घरातल्या एसीच्या तापमानात. गरमीत तूप पातळ होऊन आत उतरलं, थंडीत थिजलं. मग शिशाची गोळी नसलेलं, नुसती बुडाची स्फोटक टिकली असलेलं काडतूस भरलं, पिस्तूल लोखंडी चिमट्यात बांधलं आणि दोरीने स्लाइड सोडली.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी, ट्रिगरच्या जवळपास कोणीही नसताना, खोलीत फाटकन आवाज झाला.

आम्ही चौघे होतो तिथे. मी सहा वर्षांचा असताना पहिल्यांदा शाळेत चुंबकाने खिळा उचललेला पाहिला होता, तेव्हा असाच बघत राहिलो होतो. दोन-तीन मिलिमीटरची कणी, बोटभर कुंकू, आणि एका माणसाची मांडी फुटते, एक बाई देशाबाहेर जायच्या बेतात येते. आणि तो सगळा गुंता कोणी सोडवला? वॉरंटीच्या टेबलावर बसलेल्या एका बाईने, जिला 'घाण' हा शब्द लिहायला आवडत नव्हता. तिच्याकडे कोणी खटल्यासाठी काही मागितलं नव्हतं. तेव्हा खटलाच नव्हता. ती रोजचं काम करत होती.

सरकारी वकिलांनी आरोप ठेवले नाहीत.

या प्रकरणाने मला प्रश्न विचारायला शिकवलं. त्यानंतर मी कोणालाही 'तुम्ही काही गैर केलं का' असं पहिल्यांदा विचारलं नाही. माणूस जे भक्तीने, मायेने, सवयीने करतो ते त्याच्या लेखी 'करणं' नसतंच. म्हणून सकाळपासून काय काय केलं, ते क्रमाने सांगायला लावायचं आणि मध्ये बोलायचं नाही. नव्या डिटेक्टिव्हना मी हेच सांगत आलो. दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, ती इथे लिहितो. काकूंची भाषा येते म्हणून ती केस मला दिली होती, आणि माझ्या भाषेतलं, माझ्या घरातलं उत्तर मला एका परक्या बाईने दिलं. मी शिकलेला आहे, याचा मला अभिमान होता. त्या दिवसापासून तो जरा बेताने बाळगतो.

प्रकरण चालू असताना साक्षीदाराला खासगी पत्र लिहिता येत नाही. फाइल बंद झाली त्याच दिवशी मी डॉरिसला लिहिलं. मूळ पत्र इंग्रजीत होतं. मराठीत ते असं:

प्रिय डॉरिस,

आज दुपारी प्रकरण बंद झालं. पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

न्यायाधीशांनी अट उठवल्याचं मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना ते नीट उमगलं नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता फोन करू शकते?" मी म्हटलं, "घरी जाऊ शकता." मुलीने त्यांना गाडीतून नेलं. मला त्यांच्या देवघरातल्या वस्तू परत करायच्या होत्या, म्हणून मी मागोमाग गेलो.

त्यांचे यजमान आठवड्यापूर्वीच घरी आले आहेत. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, शेजारी चालायची चौकट. बायकोला दारात पाहून उठायला लागले. सहा आठवड्यांत त्या दोघांनी एकमेकांचा आवाजही ऐकला नव्हता. मला वाटलं दोघं रडतील. बाई म्हणाल्या, "उठू नका. कोणी सांगितलंय उठायला?" ते बसले. मग म्हणाल्या, "किती वाळलात." ते म्हणाले, "तू पण."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसानंतर त्या तिथे पहिल्यांदाच जात होत्या. उंबऱ्यावर थोडा वेळ थांबल्या, फरशीकडे पाहिलं. मी पुढे व्हायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या आत गेल्या, एक ड्रॉवर उघडला, दुसरा उघडला आणि ओरडून विचारलं, "कुकरची शिट्टी कुठे ठेवलीत?" (शिट्टी म्हणजे आमच्या प्रेशर कुकरच्या झाकणावरचं वजन. ती नसेल तर भात होत नाही.)

"डाव्या हाताला, चमच्यांत."

"चमच्यांत? शिट्टी चमच्यांत ठेवतात?"

"मला सापडावी म्हणून ठेवली."

"मग मला कशी सापडणार?"

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती. मी करंडा, वाटी आणि डबी देवासमोर ठेवली, सही घेतली आणि बाहेर पडलो. गाडीपर्यंत गेलो तरी शिट्टीवरून त्यांचं भांडण चालूच होतं. मी काच खाली करून थोडा वेळ ऐकत बसलो.

तुम्ही तिथे असायला हव्या होतात.

आपला आभारी